प्रश्न पोरांनीच विचारायचा

(साकीनाका इथं वस्तीत अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुणांपुढे केलेलं भाषण)



मला आज बोलायला सांगितलंय ते सहावी-सातवी-आठवीतल्या पोरांच्या विज्ञानावर. तुमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. घरं तुटताहेत, पदवी घेतलेली पोरं कुरिअरच्या पिशव्या वाहताहेत, आणि हा आलाय मेणबत्ती आणि पेला घेऊन! माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'विचारू नकोस, सांगितलं तेवढं कर' एवढाच धडा दिला गेला, त्या समाजातल्या बारा वर्षांच्या पोरीनं स्वतःचा प्रश्न स्वतः काढायचा, त्याचा प्रयोग स्वतः रचायचा आणि आलेलं उत्तर चारचौघांत उभं राहून सांगायचं, ही साधी गोष्ट नाही. ही सुरुंगाची वात आहे.

आधी शाळेत काय चालतं ते बघू. विज्ञानाच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे पाच मथळे असतात. मेणबत्ती पेटवायच्या आधीच पोरगं गाईडातून अनुमान उतरवून मोकळं होतं. बऱ्याच शाळांत मेणबत्ती पेटतच नाही. पेटली तरी ती गुरुजींच्या टेबलावर पेटते आणि साठ पोरं मान उंच करून बघतात. साहित्य ठरलेलं, मंत्र ठरलेला, फळ ठरलेलं. याला प्रयोग म्हणत नाहीत, याला पूजा म्हणतात. सत्यनारायणात आणि यात फरक एवढाच, की इथं प्रसाद मिळत नाही, मार्क मिळतात.

मग येतं विज्ञान प्रदर्शन. स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचा ज्वालामुखी तयार मिळतो. ज्याच्या बापाकडं पैसे आहेत त्याचा ज्वालामुखी मोठा. परीक्षक विचारतात, "बाळ, हे काय आहे?" बाळ पाठ केलेलं म्हणून दाखवतं. त्या बाळाला आयुष्यात एकदाही ज्वालामुखीबद्दल प्रश्न पडलेला नसतो. त्याला जो प्रश्न रोज पडतो, तो मात्र कुणी विचारत नाही. नळाला पाणी का येत नाही? आमच्या पोटमाळ्यावर एवढं का उकडतं? विमान डोक्यावरून गेलं की पत्रा का थरथरतो?

आता तुमच्या साकीनाक्याकडे बघा. खैरानी रोडच्या गल्ल्यांत लेथ, वेल्डिंग, प्रेस, मोल्डिंग, भंगार, सगळं हातभर अंतरावर. इथला टर्नर व्हर्नियरनं मिलिमीटरचे बारीक भाग मोजतो. वेल्डर ज्योतीच्या रंगावरून तिची आग ओळखतो. भंगारवाला नुसत्या वजनावरून आणि आवाजावरून तांबं, पितळ, जस्त वेगळं करतो. हे ज्ञान नाही तर काय आहे? पण याला कुणी विज्ञान म्हणत नाही. तोच व्हर्नियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवला की त्याला भौतिकशास्त्र म्हणतात, आणि त्या टर्नरचा पोरगा तिथं गेला तर त्याच्याकडं संशयानं बघतात. इथून थोड्याच अंतरावर, पवई तलावाच्या काठाला, १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी उभी आहे. त्याच पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी निघते आणि तुमच्या वस्तीच्या कडेनं वाहत जाते. पाणी तिथून इथं येतं. प्रश्न मात्र इथून तिथं जात नाहीत.

जातिव्यवस्थेनं श्रमाची वाटणी केली नाही, श्रमिकांची वाटणी केली, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. त्या वाटणीत हात एकीकडं गेले आणि प्रश्न विचारायचा हक्क दुसरीकडं गेला. चामडं कमावणाऱ्याला रसायन ठाऊक होतं, पण त्याला ग्रंथ बंद. ग्रंथवाल्याला ग्रंथ पाठ, पण तो चामड्याला हात लावायला तयार नाही. विज्ञान जन्माला येतं ते हात आणि डोकं एका माणसात आल्यावर. म्हणून या देशात जात तोडल्याशिवाय विज्ञान रुजत नाही, आणि विज्ञान रुजल्याशिवाय जातीची मुळं पूर्ण उखडत नाहीत.

जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याच्या यादीत त्यांनी हिशेब, इतिहास, भूगोल यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान घातलं. म्हणजे जे पोराच्या हाताला लागतं, घराला लागतं, ते शाळेत आलं पाहिजे. त्याला आता सव्वाशेच्या वर वर्षं उलटून गेली.

असं कधी झालंच नाही का? झालं. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांमधून एक काम सुरू झालं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्था त्यात होत्या, आणि आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही त्याला हात लावला. सहावी ते आठवीची खेड्यातली पोरं टोळ्या करून बसायची, स्वस्तातल्या सामानावर प्रयोग करायची, दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायची. उत्तर पुस्तकात छापलेलं नसायचं. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मोकळीक, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र केलं होतं. त्याला पोरं पत्रं लिहून प्रश्न विचारायची. १९७८ साली हे काम अख्ख्या जिल्ह्यात गेलं, पुढं एकलव्य संस्थेनं ते वाढवलं, शाळांची संख्या हजाराच्या आसपास गेली. आणि २००२ साली सरकारी हुकमानं ते बंद झालं. तीस वर्षं सरकारी शाळांतल्या गरीब पोरांनी करून दाखवलेली गोष्ट एका कागदानं थांबवली. हे लक्षात ठेवा. प्रश्न विचारणारी पोरं कुणालाच सोयीची नसतात.

मुंबईतलंही एक उदाहरण आहे, आणि ते थेट आपल्या पोरांचं आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं, आज ते मानखुर्दला आहे. १९८० च्या दशकात तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची पोरं घेऊन काही वर्षं काम केलं. ही पोरं विज्ञानात मागं का पडतात? लोकांचं उत्तर तयार होतं, 'डोकंच नाही.' त्यांनी काम करून पाहिलं, तर अडचण मोठ्या प्रमाणात भाषेची निघाली. पुस्तकातली मराठी आपल्या घरातली मराठी नव्हे. भाषा सोपी केली, पोरांना बोलतं केलं, हाताला काम दिलं, की तीच पोरं पुढं गेली. म्हणजे आपली पोरं ढ नव्हती, पुस्तक परक्याचं होतं. हेसुद्धा कुणी भाषण ठोकून सिद्ध केलं नाही, प्रयोग करून सिद्ध केलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पोराला त्याच्या भाषेत प्रश्न विचारू द्या. 'बाष्पीभवन' हा शब्द नंतर येईल. आधी 'ओली चड्डी पत्र्यावर लवकर वाळती का दोरीवर?' असा प्रश्न येऊ द्या. हसू नका. यात ऊन आहे, वारा आहे, तापलेला पत्रा आहे. दोन सारखी फडकी, सारखं पाणी, एक पत्र्यावर, एक दोरीवर, आणि एक घड्याळ. झाला प्रयोग.

आता साकीनाक्यातले तीन प्रयोग सांगतो. हे पाठ करायचे नाहीत. पोरं प्रश्न कसा काढतील याचा हा नुसता नमुना आहे.

पहिला पाण्याचा. समजा सातवीतली एक पोरगी रोज पहाटे नळावर उभी असते. ती म्हणते, "पुढच्या गल्लीत हंडा झटकन भरतो, आमच्याकडं भरतच नाही." ही तक्रार झाली. तिचा प्रयोग कसा होतो? एक मापाची बादली घ्या, पंधरा लिटरची. पाणी सुटल्यावर लगेच, मग पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं, ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. लाइनीच्या सुरवातीच्या नळावर आणि शेवटच्या नळावर एकाच वेळी दोन टोळ्या उभ्या करा. सात दिवस करा. आलेख काढा. आता तक्रार राहिली नाही, आकडा झाला. वॉर्ड ऑफिसातला साहेब बाईच्या रडण्याला 'बघू' म्हणतो. सात दिवसांच्या आलेखाला 'बघू' म्हणताना त्याची जीभ जरा अडखळते.

त्याच नळावर दुसरी पोरगी पहिल्या मिनिटाचं पाणी एका काचेच्या बाटलीत आणि दहाव्या मिनिटाचं दुसरीत भरते, मागं पांढरा कागद धरते आणि रात्रभर ठेवून तळाला काय बसलं ते बघते. पहिलं पाणी गढूळ का? पाणी बंद असतं तेव्हा पाइपात दाब नसतो. पाइपाला कुठं भोक असलं आणि शेजारून गटार वाहत असलं, तर ती घाण आत ओढली जाते आणि पाणी सुटल्यावर आधी तीच बाहेर येते. पुढं तिलाच प्रश्न पडेल: दुसऱ्या बाटलीतलं निवळ दिसतंय, म्हणजे ते शुद्ध का? नाही. रोगाचे जंतू डोळ्याला दिसत नाहीत. पाणी उकळायला का सांगतात, ते तिला इथं कळेल.

इथं थांबून महाडची आठवण करा. २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कसं? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलं, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतलं! सातवीतल्या पोरीच्या दोन बाटल्या या अक्कलशून्यतेचा निकाल लावतात. पाणी कशानं बिघडतं याला उत्तर आहे आणि ते तपासता येतं. माणसाच्या जातीनं पाणी बिघडत नाही, हेही तपासता येतं. पुढं दहा वर्षं कोर्टात लढा चालला आणि १९३७ साली हायकोर्टात आपण जिंकलो. अस्पृश्यांना वगळायची प्रथा अनादी काळापासूनची आहे, असं म्हणणाऱ्यांना ते सिद्ध करता आलं नाही. सिद्ध करता आलं नाही! हा शब्द पोरांच्या तोंडी बसला पाहिजे.

दुसरा प्रयोग डोंगराचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी साकीनाक्यात दरड कोसळून घरं गाडली गेली, माणसं गेली. तुमच्यातल्या काहींच्या घरात अजून त्या दिवसाचं नाव काढत नाहीत. लोक म्हणाले, निसर्गाचा कोप. पोरांना कोपाचा प्रयोग करू द्या. एका पत्र्याच्या ट्रेमध्ये टेकडीवरच्या मातीचा उतार करा. गवंड्याच्या ओळंब्यासारखा दोऱ्याला नट बांधून कंपासपेटीतल्या कोनमापकाला अडकवा, उताराचा कोन मोजा. डब्याला भोकं पाडून पाऊस पाडा. किती पेले पाण्यानं माती घसरली, लिहा. मग तोच कोन, तीच माती, तेवढंच पाणी, पण खालून पायथा चमच्यानं थोडा कापा. बघा आता किती पेल्यांत घसरते.

पोरांना दिसेल की थोडी ओली माती उलट घट्ट धरते, पण पुरती भिजली की कणाकणांत पाणी शिरतं, माती जड होते, एकमेकीला धरत नाही. आणि पायथा कापला की वरच्या मातीचा आधारच गेला. मग कुणीतरी पोर विचारेल, "पायथा कापून घर कोण बांधतं?" ज्याला सपाटीवर जागा दिली नाही, तो. "सपाटीची जागा कुणाकडं आहे?" इथं ट्रेमधला प्रयोग संपतो आणि शहराचा नकाशा सुरू होतो. पण पोर तिथं घोषणा देत पोचलेलं नाही, मोजत मोजत पोचलंय. त्याला आता कुणी 'कोप' सांगून गप्प करू शकत नाही.

तिसरा धुराचा. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे याच खैरानी रोडवर फरसाण बनवायच्या गाळ्याला आग लागली. बारा कामगार मेले. पोट भरायला आलेली, कामाच्या जागीच झोपणारी माणसं. आपण मोर्चे काढतो, भरपाई मागतो, ते केलंच पाहिजे. पण इथल्या पोरांना धूर कसा चालतो हे ठाऊक पाहिजे. बुटाचा खोका घ्या, पुढून पारदर्शक कागद लावा, आत पुठ्ठ्याचा पोटमाळा करा, खाली एक दार ठेवा. मोठ्या माणसासमोर आत एक उदबत्ती ठेवा, त्याहून जास्त आग नको. धूर आधी कुठं साठतो? छताला आणि पोटमाळ्यावर, जिथं माणूस झोपतो तिथं. कारण गरम हवा हलकी, ती वर जाते. आता पोरांनी ठरवायचं की भोक कुठं पाडलं तर माळा मोकळा होतो. खाली पाडून बघा. वर पाडून बघा. वर एक आणि खाली एक ठेवून बघा. खालून हवा आत, वरून धूर बाहेर, हे त्यांचं त्यांनाच सापडेल. आणि धुरात सापडलं तर खाली वाकून, सरपटत का निघायचं, हेही कळेल. ज्या पोरानं हे स्वतः शोधलं, ते घरी जाऊन बापाला म्हणेल, "तुमच्या गाळ्याला वर खिडकी आहे का?" हा प्रश्न मालकापर्यंत गेला पाहिजे.

रीत काय, ती फक्त चार ओळींत सांगतो. प्रश्न पोराचा. प्रयोग करायच्या आधी अंदाज लिहायचा आणि तो चुकला तरी खोडायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. तीनदा करायचं, आणि शेजारच्या टोळीनंही करून तेच येतं का बघायचं. दोघांचं वेगळं आलं तर भांडायचं, पण परत मोजून भांडायचं.

आता आक्षेप. एक जण म्हणेल, आपल्याला स्कॉलरशिपचे क्लास हवेत, हे खेळ नकोत. क्लास घ्या, पण बाजार ओळखा. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांनी सहावी आणि नववीच्या पोरांसाठी १९८१ पासून होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालवली. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढं प्रात्यक्षिक येतं आणि स्वतःचा प्रकल्पही करावा लागतो. कल्पना चांगलीच. पण लेखी परीक्षेच्या चाळणीभोवती क्लासवाल्यांनी दुकानं मांडली, आणि फी भरणारा पुढं सरकतो. तिथंही आपली पोरं जायला हवीत. ज्यानं स्वतः शंभर वेळा मोजलंय ते पोरगं प्रात्यक्षिकाच्या टेबलावर घाबरणार नाही.

दुसरा म्हणेल, सामान कुठून आणायचं? २०१६ पासून सरकारनं अटल टिंकरिंग लॅब काढल्या, एकेका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, रोबोट. मिळत असेल तर भांडून मिळवा, सोडू नका. पण मशीन आलं म्हणजे प्रश्न आला असं नाही. ते कपाटात कुलूपबंद राहिलं तर तोही एक देव्हाराच. आपल्याला लागते एक पत्र्याची पेटी. तिच्यात मोजपट्टी, दोरा, घड्याळ, साधा तराजू, थर्मामीटर, भिंग, लोहचुंबक, टॉर्चचे सेल, बारीक बल्ब, काचेच्या बाटल्या. बाकीचं खैरानी रोड देईल. भंगारवाल्याला विचारा, लेथवाल्या काकाला बोलवा, आठवड्याला एकदा पोरांपुढं बसवा. तो शिक्षक आहे. मात्र नियम पक्के: घरातल्या विजेला हात नाही, ॲसिड नाही, मिठीच्या पाण्यात उघडा हात नाही.

आणि शाळेतल्या बाई-गुरुजींना शत्रू समजू नका. एका वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. आपली पेटी घेऊन त्यांच्याकडं जा, त्यांनाही दम मिळेल.

शेवटची गोष्ट जरा टोचणारी आहे. पोरांना विचारायची सवय लावाल, तर ती तुम्हालाही विचारतील. पाण्याच्या रांगेत मिनिटं मोजणारी पोरगी एक दिवस घरातली मिनिटं मोजेल: मी पाण्याला किती वेळ, भाकरीला किती वेळ, आणि माझा भाऊ किती वेळ नाक्यावर? आलेख काढून ती भिंतीला लावेल. सभेत एखादा पुढारी आकडा फेकेल आणि मागून आठवीतला पोरगा विचारेल, "कुठं मोजलं?" त्या वेळी त्याला खाली बसवाल का? बसवलंत, तर आपण फक्त पुजारी बदलला. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून घटनेत लिहिलं गेलं. त्या कर्तव्यातून चळवळीला सूट नाही.

तेव्हा येत्या रविवारी समाजमंदिराचं दार दोन तास उघडं ठेवा. पंधरा पोरं जमवा, निम्म्या पोरी असल्याच पाहिजेत. पहिल्या दिवशी प्रयोग करू नका. फळ्यावर फक्त त्यांचे प्रश्न लिहा, त्यांच्याच शब्दांत, एकही न गाळता. मग विचारा, यातला कुठला आपल्याला आपल्या हातानं तपासता येईल? त्यांनी बोट ठेवलं, की तुम्ही बाजूला व्हा आणि पेटी उघडी ठेवा.

जय भीम.